जुलैतली संक्रांत

खाली टॅक्सी येऊन उभी होती. ड्रायव्हर दोनदा हॉर्न वाजवून शेवटी सीट मागे टाकून पडला होता, आणि माझी आई गॅलरीत उभी राहून कुंड्या वाटत होती. लालबागची आपली चाळ रिकामी करायचा तो शेवटचा आठवडा. टॉवर उभा राहीपर्यंत सगळ्यांनी जमेल तिथे भाड्याने राहायचं होतं. लोक कपाटं, फ्रीज, देव्हारे जिन्यावरून उतरवत होते. आमच्या खोलीतलं सगळं आधीच गेलं होतं. राहिले होते ते फक्त तेलाचे पत्र्याचे डबे, ज्यांना आई कुंड्या म्हणते. प्रत्येक डबा सूचनांसकट दिला जात होता. कढीपत्त्याला आंबट ताक घाल, पण उन्हाळ्यातच. गवती चहाला मासे धुतलेलं पाणी चालतं, तुळशीच्या जवळपासही नेऊ नकोस. दिवे लागले की पान तोडायचं नाही, झाड झोपलेलं असतं. जाड पानांचा पानओवा, ज्याच्या रसावर आख्ख्या मजल्याची पोरं खोकल्यातून बरी झाली असं तिचं ठाम मत आहे, तो शेजारच्या नलूमावशींकडे गेला.

"नलू, ह्येका पाणी कमी घाल हां, मूळ कुसता," असं ती तिसऱ्यांदा सांगत होती.

मी खाली-वर करून वैतागले होते. "आई, विमान कुंड्यांसाठी थांबत नाही," मी म्हटलं. "मी खय थांबलंय? चल मगे," असं म्हणून ती परत तुळशीकडे वळली.

हे सगळं तुम्हाला माहीत आहे. बदलापूरला गेलात ते, विरारला गेलात ते, शेजारच्याच गल्लीत भाड्याने राहिलात ते, सगळे त्या दिवशी तिथेच होतात. माझ्यासारखे फार आधी चाळीतून बाहेर पडलेले जे त्या दिवशी येऊ शकले नाहीत, त्यांना व्हिडिओ पाहायला मिळाले. तरी लिहिते आहे, कारण त्यानंतर चाळीच्या ग्रुपवर एक प्रश्न पुन्हा पुन्हा येत होता: आईच्या डोक्यावर परिणाम झालाय म्हणे, खरं का? तेव्हा मी उत्तर दिलं नाही, कारण मला स्वतःलाच ते माहीत नव्हतं. आता देते.

माझं स्वतःचं निघणं फार जुनं. लग्नानंतर संदीपबरोबर ॲडलेडला आले तेव्हा आईने माझी बॅग भरली होती. सुंठ, वेखंड, जायफळ, मुरुडशेंग, मालवणी मसाल्याची बरणी आणि मसाल्याला कीड लागू नये म्हणून त्यात हिंगाचे खडे. विमानतळावरच्या अधिकारी बाईने ते सगळं स्टीलच्या टेबलावर मांडलं आणि पिळदार मुरुडशेंग हातात धरून हे काय आहे म्हणून विचारलं. पोटात मुरडा आला तर उगाळून घेतात, हे इंग्रजीत सांगता सांगता माझ्याच पोटात मुरडा आला. तिने शेंगा ठेवून घेतल्या, मसाला सोडला. मी फार्मसी शिकलेली मुलगी, पुढे इथल्याच एका औषधांच्या दुकानात नोकरीला लागले, आणि या देशात माझी पहिली ओळख झाली ती संशयास्पद मुळ्या घेऊन आलेली बाई म्हणून.

पुढची सोळा वर्षं आईने माझं घर लालबागहून चालवलं. दर रविवारी फोन, आणि फोनवर त्या त्या महिन्याचं खाणं. चैत्रात पन्हं. मे महिन्यात मसाला. मृग लागला की हिंग-गुळाची गोळी, पोटातला वात जातो. आषाढात टाकळ्याची भाजी, श्रावणात पालेभाजी अजिबात नाही. दिवाळीला आंघोळीआधी डाव्या अंगठ्याने कारीट फोडायचं आणि कडू बी जिभेला लावायचं. संक्रांतीला तीळ आणि बाजरी, अंगात ऊब राहते. यातली ग्यानबाची मेख अशी की इथे सगळं उलटं असतं. जानेवारीत कडक उन्हाळा आणि जुलैत थंडी. मी हे आईला शंभर वेळा सांगितलं. "जानेवारीत खयचो उन्हाळो?" एवढंच ती म्हणायची, जणू मी काहीतरी लपवतेय.

पहिल्या वर्षी मी खरोखर तिचं ऐकलं. घरची आठवण इतकी यायची की संक्रांतीला बाजरीची भाकरी, लोणी, तिळाची वडी, सगळं साग्रसंगीत केलं. बाहेर बेचाळीस अंश तापमान, वाळवंटाकडून येणारा भट्टीसारखा वारा. दुसऱ्या दिवशी दुकानात एका म्हाताऱ्या गृहस्थांना त्यांच्या गोळ्या समजावून सांगताना माझ्या नाकाचा घोळणा फुटला आणि पांढऱ्या कोटावर रक्ताचा ओघळ आला. त्यांनीच मला खुर्चीवर बसवलं. दिवाळीला कारीट मिळेना म्हणून संदीपने चेरी टोमॅटो आणला, तो अंगठ्याखाली फुटून भाड्याच्या घराच्या गालिच्यावर उडाला. त्यानंतर मी शहाणी झाले. आई फोनवर विचारायची, "खाल्लंस मा?" आणि मी सँडविच खाता खाता म्हणायचे, "हो आई, खाल्लं."

अशी ही बाई चाळ रिकामी झाल्यावर पाडव्याच्या सुमारास माझ्याकडे राहायला आली. मी एकुलती एक, बाबा जाऊन बरीच वर्षं झाली, मग ती दुसरीकडे जाणार कुठे? माझ्या मनात होतं की आता कायमचंच इथे राहावं. तिच्या मनात होतं की टॉवर होईपर्यंत. याविषयी आम्ही एकमेकींशी बोललो नाही.

तिने सोबत भिंतीवरचं कॅलेंडर आणलं होतं. ते स्वयंपाकघरात लागलं आणि घरात लालबाग सुरू झालं. इथे पानगळ चालू झालेली, संध्याकाळी स्वेटर लागतो, आणि आम्हाला जेवणाआधी थंडगार पन्हं. तेही इंडियन स्टोअरमधल्या गोठवलेल्या कैऱ्यांचं. संदीप सांगलीचा, सासूला नाही म्हणायचं त्याच्या रक्तात नाही. तो पन्हं प्यायचा आणि रात्रभर शिंकायचा.

मे उजाडला आणि तिला मसाल्याचे वेध लागले. लालबागला मे महिना म्हणजे काय असायचा ते तुम्ही विसरला नसाल. गच्चीवर प्रत्येक बिऱ्हाडाची चादर ठरलेली, तिच्यावर लाल मिरच्या, आणि आम्हा पोरांच्या हातात कबुतरं हाकलायला काठ्या. मग भाजलेला मसाला डब्यात भरून डंकावर न्यायचा आणि कुटून होईपर्यंत रांगेत उभं राहून शिंकायचं. घरी आल्यावर सगळ्यात आधी वरळी कोळीवाड्याहून येणाऱ्या मावशीकडून घेतलेल्या सुक्या बोंबलांना तो मसाला लागायचा. तो वास नाकात आला की शाळा सुरू व्हायला थोडेच दिवस उरलेत हे कळायचं. मला आजही लाल मिरच्यांचा ढीग दिसला की नवं दप्तर आठवतं.

इथे आईने मागच्या अंगणात चादर अंथरली. तीन दिवस रिमझिम पाऊस. मग मिरच्या घरात आल्या आणि माझ्या नकळत हीटरच्या झडपांसमोर मांडल्या गेल्या. घरात गरम हवेबरोबर तिखट फिरायला लागलं. वर तिने खिडक्या लावून कढईत मिरच्या भाजायला घेतल्या. धुराचा अलार्म बोंबलायला लागला, शेजारची मार्गारेट गाऊनवर बाहेर आली, आणि आम्ही तिघं अंगणात वाकून खोकत उभे. खोकल्यावर उपाय म्हणून आईने लसूण-ओव्याची धुरी करायला घेतली आणि अलार्म पुन्हा वाजला. मी हात टेकले.

खोकला गेला नाही तेव्हा पानओवा हवा म्हणून तिने धोशा लावला. एका नर्सरीत तो भलत्याच नावाने मिळाला. ती इथे आल्यापासून त्या दिवशी मी तिला पहिल्यांदा हसताना पाहिलं. कुंडी तिने मागच्या दाराशी ठेवली, पाणी कमी घातलं, आणि जूनमध्ये एका गारठलेल्या सकाळी त्याची अर्धी पानं काळी पडून लोंबायला लागली.

तिथून ती बदलली. हिंग-गुळाची गोळी तिने त्या वर्षी दिली, पण मन लावून नाही. कुंडी स्वयंपाकघराच्या खिडकीत आली आणि आई शाल पांघरून तासन्‌तास मागच्या दाराच्या काचेशी बसू लागली. कुठल्या झाडाची पानं गळली, कुठल्याची राहिली, ऊन मार्गारेटच्या कौलांमागे कधी गेलं, हे बघत. बोलणं कमी झालं. एकदा तिने मला नलू म्हणून हाक मारली. एकदा सकाळी घाईघाईने उठून बादल्या शोधायला लागली, पाणी जाईल म्हणून. मी दुकानात दररोज अशा माणसांच्या मुलींशी बोलते. त्या सुरुवात नेहमी अशीच सांगतात, आधी नुसती हाक चुकायला लागली होती म्हणून. माझा जीव टांगणीला लागला.

नेमका तेव्हाच नलूमावशींचा फोन आला. त्यांना परळला दोन माणसांपुरती खोली मिळाली होती, एकट्याने राहायचं म्हणजे खायला उठते, तर ऑक्टोबरपर्यंत आईला पाठव म्हणाल्या. म्हणजे आता निर्णय माझ्यावर आला. आईचं डोकं शाबूत असेल तर तिला नाही म्हणायला मला कारण नव्हतं. नसेल, तर एका म्हाताऱ्या बाईच्या भरवशावर, गॅस आणि जिने असलेल्या घरात तिला धाडणं शक्य नव्हतं. मी कळवते म्हटलं.

आणि मग जुलैतला तो दिवस. मी कामावरून आले तर दारातच भाजलेल्या तिळाचा वास. आई काळी साडी नेसून, केसात मार्गारेटच्या कुंपणावरचं कसलंसं पिवळं फूल माळून उभी. तिने माझ्या हातावर लाडू ठेवला. "तीळगूळ घे, गोड बोल. आज संक्रांत." मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. आषाढ. मार्गारेटलाही लाडू गेले होते.

मी गोड बोलले नाही. काय काय बोलले ते इथे लिहीत नाही, पण आवाज एवढा चढला की संदीप बाथरूममधून तसाच बाहेर आला. आई एवढंच म्हणाली, "माका येड लागूक नाय," आणि लाडवांच्या डब्याला झाकण लावून खोलीत गेली. मी रडत रडत नलूमावशींना फोन लावला आणि सांगितलं की आई जुलैत संक्रांत करतेय. ग्रुपवर बातमी कशी पोहोचली ते आता तुम्हाला कळलं असेल. मावशींना दोष देत नाही, त्यांनी बिचाऱ्यांनी फक्त दोघींनाच सांगितलं होतं.

पुढच्या आठवड्यात आमच्या डॉक्टरांकडे तपासणी. तरुण मुलगा, शांत स्वभावाचा. तो प्रश्न विचारणार, मी मराठीत सांगणार, आई उत्तर देणार, मी इंग्रजी करणार. नाव, वय, आपण कुठल्या शहरात आहोत, सगळं नीट झालं. मग त्याने विचारलं, सध्या कुठला ऋतू चालू आहे? मी प्रश्न सांगितला आणि टेबलाखाली पदर मुठीत धरून बसले. पदर आईचाच होता.

आईने त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "भायर बघून सांगू, का कॅलेंडर बघून?"

"आई, सरळ उत्तर दे," मी दात आवळून म्हटलं.

"सरळच देतंय. तो खयचा विचारता ता विचार."

मला ते भाषांतर करायचंच नव्हतं. हे उत्तर म्हणजे बरं लक्षण की वाईट, तेच कळेना. पण डॉक्टर वाट बघत होता, म्हणून सांगितलं. त्याने पेन खाली ठेवलं आणि म्हणाला, दोन्ही सांगा. मग आईने सांगितलं. भिंतीवर आषाढ आसा, दारात पौष. ओव्याची पानं करपली. ऊन चारलाच कौलांमागे जातं. आणि तिने चपलेतून पाय काढून भेगाळलेली टाच पुढे केली. "आषाढात कोणाच्यो टाचो फुटतत?" थंडी पडली आहे तर तीळ खायचे, ते काय सहा महिन्यांनी उकाड्यात खायचे? झाडाक कळता ता तुका कळणा नाय, असंही त्यात होतं. तेवढं मी भाषांतरातून गाळलं.

मी विचारलं की मग संक्रांत कशाला म्हणालीस, नुसता लाडू द्यायचास. त्यावर ती म्हणाली, नुसता लाडू तू डब्यात ठेवून दिला असतास. बाकीच्या चाचण्या झाल्या. तिने घड्याळ काढलं, उलटे आकडे म्हटले, मघाशी सांगितलेले शब्द आठवून सांगितले आणि वर डॉक्टरच्या कोरड्या ओठांना तूप लावायला सांगितलं. वयाच्या मानाने उत्तम आहे, तो म्हणाला. रक्तदाबाची गोळी चुकवू नका आणि एकदा कान तपासून घ्या. नलू म्हणून हाक मारायचं विचारलं तर हसला. चाळीस वर्षं शेजारी राहिलेल्या बाईचं नाव तोंडात येणारच म्हणाला.

आई सगळ्यात बरोबर होती असं मी म्हणत नाहीये, उगाच कुणी तसा अर्थ काढू नका. त्याच महिन्यात तिने संदीपच्या कानात कोमट तेल घातलं आणि त्याला दोन दिवस एका कानाने ऐकू येत नव्हतं. पण ती हरवलेली नव्हती. लालबागमध्ये जन्मभर जे केलं तेच ती इथे करत होती. तिथे महिना आणि हवा एकत्र यायची म्हणून कॅलेंडर पुरायचं, इथे दोन्हींची फारकत झाली तेव्हा ती दाराच्या काचेशी बसून नव्याने महिने लावत होती. मी सोळा वर्षं त्याच दारातून कामावर ये-जा करत होते. मला मात्र हवामान फोनवर बघायची सवय. ऑगस्टमध्ये तिने पालकाची भाजी केली तेव्हा मी मुद्दाम विचारलं, श्रावण ना गं? "गणपती त्याच्या तिथीक येतलो," ती म्हणाली. "पोटाक तिथी कळणा नाय."

आता तिला अडवायला माझ्याकडे कारण उरलं नव्हतं. तरी मी अडवलं. इथे दवाखाना जवळ आहे, जिने नाहीत, पाणी चोवीस तास आहे, सगळं सांगून झालं. ती तांदूळ निवडत होती. इथल्या तांदळात निवडण्यासारखं काही नसतं, तरी निवडत होती. म्हणाली, "थयसर लोक माका विचारतत. हयसर मी सांगतंय आणि तू हो म्हणतंस." मला राग आला आणि वाईटही वाटलं. मी तिकीट काढलं.

ऑक्टोबरमध्ये ती परळला गेली. नलूमावशींनी पानओवा जगवला होता, फक्त पाणी जास्त झालं होतं, त्यावरून पहिल्याच दिवशी दोघींचं वाजलं. इथल्या खिडकीतला ओवा माझ्याकडे आहे. त्याला वरून नवी पानं फुटली आहेत. तुम्ही ग्रुपवर विचारता, टॉवर झाल्यावर तू येणार का, खोलीचं काय करणार, घर शेवटी कुठलं म्हणायचं. खरं सांगू, चावी मिळेल तेव्हा बघू. त्या बाविसाव्या की कितव्या मजल्यावर मिरच्या वाळवायला देणार आहेत का, एवढं आधी कुणीतरी विचारून ठेवा.

या संक्रांतीला इथे ऊन आग ओकत होतं. वारा तोच, वाळवंटातला. मी सुट्टीवर, पडदे ओढून सोफ्यावर पडलेली, आणि फोन वाजला. मागे नलूमावशी खोकत होत्या, परळला थंडी पडली होती, तीळ भाजल्याचं त्या सांगत होत्या. मी तयारीतच होते, हो आई, खाल्ले म्हणायला.

"तू तीळ खाव नको," आई म्हणाली. "नाकात तुपाचा बोट फिरव. तुझो वैशाख चालू आसा ना? ताज्यो कैऱ्यो गावतत काय बघ, पन्हां कर."

माझ्या घोळण्याचं मी तिला कधीच सांगितलं नव्हतं. परळच्या भाड्याच्या खोलीत स्वेटर घालून बसलेली ती बाई रोज सकाळी नलूमावशींच्या भाच्याकडून ॲडलेडचं तापमान विचारून घेते, हे मला नंतर कळलं. तिने तिथे माझ्यासाठी वेगळा वैशाख धरून ठेवला आहे. घर कुठलं म्हणून विचारता ना, तर सध्या मी त्यालाच घर म्हणते. आता तिचे सल्ले दुप्पट झाले आहेत, तिथल्या हवेचे वेगळे आणि इथल्या हवेचे वेगळे, आणि रविवारचा फोन एक तास चालतो. नाकी नऊ येतात.

मी म्हटलं, "हो आई, करते पन्हं."

"आता व्हिडिओ लाव. आणि कैरी दाखव."

कैरी घरात नव्हती. इथे ती जानेवारीत मिळते की नाही हे मी सोळा वर्षांत कधी बघितलंच नव्हतं, कारण पन्हं चैत्रात आणि चैत्रात गोठवलेली. कोपऱ्यावरच्या व्हिएतनामी बाईच्या दुकानात गेले तर दारातच ताज्या हिरव्या कैऱ्यांची टोपली. घरी येऊन त्या उकडायला ठेवल्या आणि फोन ओट्यावर डब्याला टेकवून उभा केला. पलीकडे दोघी म्हाताऱ्या शाली पांघरून डोकं डोक्याला लावून बसल्या होत्या, आणि माझा हात गुळाच्या डब्याकडे गेला तशी आई म्हणाली, आधी वेलची कूट.